जनुकीय माहिती खुली करायची आहे? आधी खर्चाचा हिशेब मांडा

आतड्यातल्या जिवाणूंवर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी असो, तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव तपासणारे प्राध्यापक असोत, की रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास करणारे डॉक्टर. लेख छापायची वेळ आली की जर्नलकडून एक मागणी हमखास येते. सिक्वेन्सिंगची मूळ माहिती सार्वजनिक डेटाबँकेत जमा करा आणि तिचा क्रमांक कळवा. मग धावपळ सुरू होते. माहिती कुठे जमा करायची, पैसे किती लागतील, परवानगी कोणाची घ्यायची, इंटरनेट पुरेल का, आणि हे सगळं करणार कोण?

पैशांपुरतं उत्तर आधी देतो. डेटाबँकेचं शुल्क शून्य आहे. खर्च होतो तो माहिती जमा करण्याजोगी करण्यात, म्हणजे माणसाच्या वेळेत. हा वेळ प्रकल्पाच्या सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरला, तर सिक्वेन्सिंगच्या खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आसपास काम भागतं. शेवटी धरला तर तेच काम दुपटी-तिपटीने महाग पडतं, आणि काही गोष्टी पैसे मोजूनही परत मिळत नाहीत. खासगी प्रयोगशाळांचे, हार्ड डिस्कचे आणि डॉलरचे दर हलते असतात. म्हणून इथले रुपयांचे आकडे प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहिण्यापुरते धरा आणि पुढे प्रत्यक्ष दरपत्रक मागवा.

हा खर्च करावा का?

करावा, आणि भारतातल्या संशोधकांनी तर आवर्जून करावा. मानवी मायक्रोबायोमचे, म्हणजे शरीरातल्या सूक्ष्मजीवांचे, सुमारे साडेचार लाख नमुने सार्वजनिक डेटाबँकांत आले कुठून, याचा आढावा २०२२ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. ज्यांचा देश नोंदलेला होता त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक नमुने युरोप, अमेरिका आणि कॅनडाचे निघाले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश ज्या मध्य आणि दक्षिण आशियात येतात, तिथे जगातली चौथ्या हिश्शाहून जास्त माणसं राहतात. त्यांचे नमुने १.८ टक्के होते. ज्वारीची भाकरी, भात, ताक, तंबाखू, वारंवारचे जुलाब, दुकानातून सहज मिळणारी प्रतिजैविकं हे सगळं ज्या आतड्यांनी पचवलं आणि सोसलं, त्यांची नोंद जगाच्या दप्तरात जवळपास नाही. औषधं आणि चाचण्या मात्र त्याच दप्तरावरून ठरतात.

आपल्याकडे चांगलं उदाहरणही आहे. १४ ठिकाणच्या १,००४ निरोगी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंची पाहणी टाटा केमिकल्सच्या पुण्यातल्या संशोधन केंद्राने केली. ती २०१८ मध्ये 'सायंटिफिक डेटा'त प्रसिद्ध झाली आणि मूळ माहिती युरोपीय डेटाबँकेत सर्वांसाठी खुली झाली. स्वतःचे नमुने गोळा करायला पैसे नसलेल्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही आज त्या हजार माणसांवर काम करता येतं.

'माहिती मागितल्यास देऊ' एवढं लेखाखाली लिहिलं की भागतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं लिहिणाऱ्या १,७९२ लेखांच्या लेखकांना खरोखरच पत्रं पाठवून माहिती मागण्यात आली. ९३ टक्क्यांनी उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला. २०२२ मध्ये छापलेला हा अभ्यास. त्याआधी २०१४ मध्ये ५१६ लेखांच्या पाहणीत दिसलं होतं, की लेख जितका जुना तितकी मूळ माहिती मिळण्याची आशा कमी. दर वर्षाला ती सुमारे १७ टक्क्यांनी घटते. माणसं नोकरी बदलतात, डिस्क बंद पडतात, ईमेलचे पत्ते मरतात. डेटाबँक टिकते.

कुठे जमा करायचं, किती पैसे

जगात तीन मोठ्या डेटाबँका एकमेकींशी जोडलेल्या आहेत. अमेरिकेतली एनसीबीआय, तिच्यात जेनबँक आणि एसआरए येतात, युरोपची ईएनए, आणि जपानची डीडीबीजे. एकीत जमा केलेलं बाकी दोघींतही दिसतं. जमा करायला शुल्क नाही आणि उतरवून घ्यायलाही नाही. जेनबँक १९८२ पासून चालू आहे. मानवी जनुकसंचय प्रकल्पात १९९६ च्या बर्म्युडा बैठकीत ठरलं, की मोठे तुकडे जुळले की २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुले करायचे. आज हे फुकट मिळतं ते त्या शिस्तीमुळे आणि त्या देशांच्या करदात्यांमुळे.

भारताची स्वतःची व्यवस्थाही उभी राहिली आहे. फरिदाबादच्या प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रात १० नोव्हेंबर २०२२ रोजी इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरचं, म्हणजे आयबीडीसीचं उद्घाटन झालं. सार्वजनिक पैशातून तयार झालेली जीवशास्त्रीय माहिती तिथे साठवावी, ही त्यामागची भूमिका. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये काढलेली 'बायोटेक-प्राइड' मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. तुमचा प्रकल्प सरकारी अनुदानाचा असेल तर मंजुरीपत्रातली माहितीविषयक अट आधी वाचा. डेटाबँक कोणती, हे पुष्कळदा तिथेच ठरलेलं असतं.

सिक्वेन्सखेरीजच्या गोष्टी, म्हणजे तक्ते, आकृत्यांमागचे आकडे, विश्लेषणाचा कोड, या झेनोडोवर ठेवता येतात. युरोपातल्या सर्न या संस्थेची ही सेवा मोफत आहे. एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मिळते आणि कायमचा डीओआय क्रमांकही मिळतो.

'माहिती खुली केली आणि दुसऱ्यानेच लेख छापला तर?' ही भीती रास्त आहे, आणि तिच्यावरचा उपायही फुकट आहे. जमा करतानाच प्रसिद्धीची तारीख पुढची देता येते. ईएनएमध्ये दोन वर्षांपर्यंत. क्रमांक लगेच मिळतो, माहिती बंद राहते. लेख छापून त्यात क्रमांक आला की मात्र ती खुली होते.

खरा खर्च: माणूस-दिवस

हिशेबासाठी एक माप ठरवू. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीधारकाला, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता सोडून, महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर एका दिवसाचे सुमारे १,७०० रुपये. हा आपला माणूस-दिवस. खाली कामाला किती दिवस लागतील ते लिहिलं आहे, तो माझा अंदाज आहे. तुमचा माणूस नवखा असेल तर दीडपट धरा.

पहिला हिशेब: तळ्याचं पाणी किंवा शेतातली माती, ४० नमुने, फक्त सोळा-एस जनुकाचं सिक्वेन्सिंग. दर नमुन्याला चार ते सहा हजार धरले तर सिक्वेन्सिंगचे १.६ ते २.४ लाख. फायली अगदी लहान, सगळ्या मिळून अर्धा जीबी. नमुन्यांच्या नोंदींचे रकाने ठरवायला एक दिवस, भरायला आणि तपासायला तीन, जमा करायला एक, कोड नीट लावून ठेवायला एक. एकूण सहा दिवस, म्हणजे १०,२०० रुपये. साठवणीला वेगळा पैसा नको.

दुसरा हिशेब: माणसांच्या विष्ठेचे १०० नमुने, शॉटगन पद्धतीने संपूर्ण डीएनए. नमुन्याला दहा ते पंधरा हजार, म्हणजे दहा ते पंधरा लाख. एका नमुन्याची फास्टक्यू, म्हणजे सिक्वेन्सिंगची मूळ, फाइल तीन जीबी धरली तर एकूण ३०० जीबी. रकाने ठरवायला दोन दिवस, नोंदींना पाच, माणसाचा डीएनए गाळायला तीन, चढवायला दोन, अर्ज आणि दुरुस्त्यांना दोन, कोडला तीन. सतरा दिवस, २८,९०० रुपये. दोन ठिकाणी प्रती ठेवायला चार टीबीच्या दोन डिस्क, २२ हजारांच्या आसपास. मिळून ५१ हजार.

तिसरा हिशेब: ५० माणसांचे संपूर्ण जीनोम, ३० पट खोलीचे. प्रत्येकी तीस ते पन्नास हजार धरले तर पंधरा ते पंचवीस लाख. माहिती सुमारे तीन टीबी. ती सर्वांसाठी उघडी ठेवता येत नाही. नियंत्रित प्रवेशाच्या, म्हणजे अर्ज मंजूर झाल्यावरच माहिती देणाऱ्या, डेटाबँकेत जाते. संमतीपत्रं आणि समितीच्या कामाला दहा दिवस, नोंदींना सहा, कुलूपबंद करून चढवायला पाच, प्रवेशाच्या अटींची कागदपत्रं करायला पाच. सव्वीस दिवस, ४४,२०० रुपये. दोन मोठ्या डिस्कचे चाळीस हजार वेगळे.

तिन्हींत खासगी प्रयोगशाळेच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी धरलेला नाही. दरपत्रकात तो बहुधा तळाला, बारीक अक्षरांत असतो. तिथेच 'कच्ची माहिती अमुक दिवसांनी पुसली जाईल' हेही लिहिलेलं असतं. ते दिवस किती, हे काम देण्याआधी विचारा. माहिती हाती येताना दर नमुन्याची वेगळी फास्टक्यू फाइल, ती जशीच्या तशी पोचली का हे तपासायचा एमडी५ क्रमांक, वापरलेलं किट, प्रायमर, यंत्राचं नाव आणि रीडची लांबी हे सगळं लेखी मागा. त्या दिवशी हे एका ईमेलमध्ये मिळतं. दोन वर्षांनी त्याच गोष्टीसाठी आठवडे जातात.

नमुन्यांच्या नोंदी: पैसे वसूल होतात ते इथे

सिक्वेन्सची फाइल कितीही मोठी असली तरी तिच्यासोबतची नोंद नसेल तर ती नुसती अक्षरांची रास. कोणाची, कुठली, कधीची हे कळलं तरच दुसऱ्याला तिचा उपयोग. म्हणून जीनोमिक स्टँडर्ड्स कन्सोर्शियमने 'मिक्स' नावाचे ठरावीक रकाने बनवले आहेत. नमुना गोळा केल्याची तारीख आणि देश हे तर २०२३ पासून वरच्या तिन्ही डेटाबँकांत नव्या नमुन्यांसाठी सक्तीचे आहेत.

लोणारच्या सरोवराचं उदाहरण घेऊ. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. समजा, उद्या तुम्ही तिथून पाणी आणलंत. एका नमुन्याची ओळ अशी दिसेल: नमुना एल-०७, जीव, 'लेक वॉटर मेटाजीनोम', तारीख २०२५-०३-१२, ठिकाण, इंडिया: महाराष्ट्र, लोणार, अक्षांश-रेखांश १९.९८ उत्तर, ७६.५१ पूर्व, खोली अर्धा मीटर, पीएच, क्षारता, तापमान, पाणी गाळलेल्या कागदाच्या छिद्राचा आकार, डीएनए काढायचं किट.

आता यातल्या चुका पाहा. तारीख ०३/०४/२०२५ अशी लिहिली तर अमेरिकेतला वाचक ४ मार्च समजेल, आपण ३ एप्रिल. म्हणून वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवा. अक्षांशाचा आकडा स्प्रेडशीटमध्ये खाली ओढताना तो एकेका अंशाने वाढत गेला, तर बाराव्या ओळीखाली तुमचं लोणारचं पाणी ३१.९८ उत्तर अक्षांशावर, हिमाचलातल्या कांगडा भागात पोचतं, आणि संगणक काही हरकत घेत नाही. जनुकांच्या नावांच्या तारखा होण्याचा प्रकार तर इतका पसरला होता, की जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये 'मार्च' आणि 'सेप्ट' गटांतल्या जनुकांची नावंच बदलली. माहिती नसेल तर रकाना रिकामा सोडू नका. 'गोळा केली नाही' यासाठी डेटाबँकेने ठरवून दिलेला शब्दप्रयोग घाला. माणसाच्या विष्ठेच्या नमुन्यात जीव म्हणून 'होमो सेपियन्स' लिहिण्याची चूकही नेहमीची. तिथे 'ह्यूमन गट मेटाजीनोम' हवं, नाहीतर जिवाणूंची माहिती शोधणाऱ्याला तुमचा नमुना सापडणारच नाही.

ही वही नमुना गोळा करतानाच भरली तर दर नमुन्याला काही मिनिटं लागतात. तीन वर्षांनी भरायला बसलात तर नमुने आणणारा विद्यार्थी दुसऱ्या शहरात गेलेला असतो, बाटलीवरचं लेबल पुसट झालेलं असतं आणि पाण्याचं तापमान कोणालाच आठवत नसतं. पहिल्या हिशेबातले सहा दिवस मग दुप्पट-तिप्पट होतात. एवढं करूनही तापमानाचा रकाना रिकामाच राहतो.

इंटरनेट आणि साठवण

तीनशे जीबी चढवायला २० एमबीपीएसच्या जोडणीवर सुमारे ३३ तास लागतात, १०० एमबीपीएसवर सात तासांहून कमी. तीन टीबीला १०० एमबीपीएसवरही जवळपास तीन दिवस. घरच्या जोडणीवर हा खटाटोप करू नका. संस्था राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कवर असेल तर तिथून चढवा. नसेल तर जवळच्या विद्यापीठाला विनंती करा. मधेच वीज गेली तर काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होईल, असंच साधन निवडा. चढवून झालं की एमडी५ क्रमांक जुळतात का ते पाहिल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका.

'आम्ही आमच्या क्लाउडवर ठेवू आणि लिंक देऊ' हा पर्याय दिसायला सोपा, खर्चाला वाईट. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या मुंबई केंद्रात साठवणीला दर जीबीला महिन्याला सुमारे अडीच सेंट पडतात, आणि बाहेरच्या कोणी माहिती उतरवली की दर जीबीला अकरा सेंटच्या आसपास. डॉलर ८८ रुपयांना धरला तर तीनशे जीबीचं महिन्याचं भाडं ६६० रुपये, पण एका माणसाने सगळं उतरवलं की २,९०० रुपयांचं बिल, तेही तुम्हाला. दहा जणांना उपयोग झाला तर तुमचे २९ हजार गेले. प्रकल्प संपला, कार्डाची मुदत संपली, की लिंकही संपली. सार्वजनिक डेटाबँकेत यातलं काहीच नाही.

माणसाचे नमुने: इथे काटकसर नको

विष्ठा, लाळ, त्वचा यांच्या नमुन्यात जिवाणूंसोबत माणसाचा स्वतःचा डीएनएही येतो. विष्ठेत तो सहसा थोडा असतो. लाळ, घसा, त्वचेच्या नमुन्यांत पुष्कळदा निम्म्याहून जास्त. अमेरिकेच्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रकल्पाने २४२ निरोगी माणसांचे नमुने घेतले तेव्हा हा भाग वेगळा काढून नियंत्रित प्रवेशात ठेवला आणि बाकीचा सर्वांना खुला केला. तीच पद्धत धरा. गाळण्याची सॉफ्टवेअर मोफत आहेत. विष्ठेच्या नमुन्यालाही हे करा, 'थोडाच तर आहे' म्हणून सोडू नका.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असंही नाही. २०१३ मध्ये 'सायन्स'मधल्या एका अभ्यासाने निनावी जीनोममधल्या वाय गुणसूत्रावरून वंशावळीच्या संकेतस्थळांच्या मदतीने आडनावं शोधून दाखवली. २०१५ मध्ये दिसलं, की आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या ठेवणीवरून ८० टक्क्यांहून अधिक माणसं वर्षभरापर्यंतच्या दुसऱ्या नमुन्यातूनही ओळखता येतात. म्हणून नोंदींत गावाऐवजी जिल्हा लिहा, वय पाच वर्षांच्या गटात द्या, आणि एखादा आजार जिल्ह्यात दोघा-चौघांनाच असेल तर तो रकाना खुल्या नोंदींत नको. लहान पाड्यावर, एखाद्या छोट्या जमातीत काम करत असाल तर समाजातल्या जाणत्यांशी आधी बोला. माहिती एका माणसाची असली तरी तिचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात.

संमतीपत्र हा प्रकल्पातला सर्वांत स्वस्त कागद आणि चुकला तर सर्वांत महाग. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेलं रक्त इतर अभ्यासांना वापरलं गेलं. अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या मंडळाला २०१० मध्ये सात लाख डॉलर द्यावे लागले आणि रक्ताचे नमुनेही परत करावे लागले. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नीतितत्त्वं आहेत. त्यांना धरून मराठी संमतीपत्रात अशी स्वतंत्र वाक्यं घाला आणि प्रत्येकापुढे हो-नाहीची वेगळी चौकट ठेवा:

'माझ्या नमुन्यातल्या सूक्ष्मजीवांची माहिती, माझं नाव-पत्ता काढून, जगातल्या कोणाही संशोधकाला पाहता येईल अशा ठिकाणी ठेवायला माझी संमती आहे.'

'माझ्या स्वतःच्या जनुकांची माहिती इतर संशोधकांना द्यायची तर ती समितीच्या परवानगीनेच द्यावी.'

'मी पुढे संमती मागे घेतली तर नवा वापर थांबेल. पण तोवर इतरांनी उतरवून घेतलेली माहिती परत आणता येणार नाही, हे मला समजावून सांगितलं आहे.'

तिसरं वाक्य वाचून दाखवताना घाई करू नका. ते ऐकून कोणी नकार दिला तर तो त्यांचा हक्क आहे. संमती नंतर नव्याने घ्यायची म्हटली तर शंभर घरांचे उंबरठे पुन्हा चढावे लागतात, आणि निम्मी माणसं कामासाठी स्थलांतर करून गेलेली असतात.

संपूर्ण जीनोमसाठी नियंत्रित प्रवेशच योग्य. युरोपात ईजीए, अमेरिकेत डीबीगॅप, भारतात आयबीडीसीची अशी सोय आहे. जीनोमइंडिया प्रकल्पातल्या दहा हजारांवर भारतीयांच्या जीनोमची माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी जाहीर झाली, तीही आयबीडीसीतून अटींसह मिळते. इथे एक खर्च प्रकल्प संपल्यावरही चालू राहतो. कोणी माहिती मागितली की अर्ज वाचून निर्णय द्यायला समिती लागते. वर्षाला तीन-चार दिवस धरा आणि ही जबाबदारी व्यक्तीऐवजी पदाकडे द्या.

परवानग्या: पैसे कमी, वेळ जास्त

माणसांच्या नमुन्यांना संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी, आणि परदेशी संस्था भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही. माती, पाणी, वनस्पती, सूक्ष्मजीव यांना २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. मानवी जनुकीय साहित्य त्या कायद्याबाहेर आहे. परदेशी भागीदार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम नमुना गोळा करण्याआधी पाहा. महाराष्ट्र राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरात आहे. लोणारसारखं ठिकाण अभयारण्य असल्याने वनखात्याची परवानगीही लागते. या सगळ्याला महिने जातात, म्हणून वेळापत्रकात त्यांची वेगळी ओळ ठेवा.

लेख छापण्याचा खर्च वेगळा

माहिती खुली करणं आणि लेख खुला छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोफत आहे. दुसरीला नामांकित जर्नल लाखाच्या वर, पुष्कळदा दोन-तीन लाख रुपये मागतात. पैसे नाहीत म्हणून माहितीही बंद ठेवायचं काही कारण नाही. वर्गणीच्या जर्नलमध्ये फुकट छापलेल्या लेखाची माहितीही डेटाबँकेत खुली असू शकते. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत २०२५ पासून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत. त्याखेरीज निवडक खुल्या जर्नलांत छापण्यासाठी वर्षाला १५० कोटींच्या मदतीची तरतूद जाहीर झाली आहे. तुमची संस्था तिच्यात बसते का, हे ग्रंथपालांना विचारा.

विश्लेषणाचे पैसेही वाचतात. युरोपच्या एमजीनिफाय सेवेत ईएनएमधल्या मायक्रोबायोम माहितीचं विश्लेषण मोफत होतं. गॅलक्सीच्या सार्वजनिक सर्व्हरवर नोंदणी करून संगणक विकत न घेता काम करता येतं.

नमुना देणाऱ्यांनी काय विचारावं

आता थोडं नमुना देणाऱ्यांसाठी. अभ्यासात भाग घ्यायला किंवा पैसे भरून आतड्याची, जनुकांची चाचणी करायला जात असाल तर चार प्रश्न विचारा. माझी माहिती कोण पाहील? माझा स्वतःचा डीएनए गाळला जाईल का? मी नको म्हटलं तर काय पुसता येईल आणि काय नाही? संस्था किंवा कंपनी बंद पडली तर माहिती कोणाकडे जाईल? शेवटचा प्रश्न कल्पनेतला नाही. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा कोट्यवधी ग्राहकांच्या जनुकीय माहितीच्या मालकीचा प्रश्न न्यायालयात गेला.

याउलट २०१२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन गट प्रकल्पात लोकांनी ९९ डॉलर भरून नमुने दिले. ११ हजारांवर माणसांची ती माहिती, नावं काढून, जगाला खुली झाली, आणि हे पैसे भरण्याआधीच त्यांना सांगितलेलं होतं. विश्वास असा आधी सांगून मिळवावा लागतो.

प्रस्तावात ही ओळ घाला

अमेरिकेच्या एनआयएचने २५ जानेवारी २०२३ पासून वैज्ञानिक माहिती निर्माण करणाऱ्या संशोधनाच्या प्रस्तावांत ती माहिती सांभाळण्याचा आणि वाटून घेण्याचा आराखडा सक्तीचा केला. त्याचा खर्च अनुदानातून मागता येतो, मात्र तो प्रकल्पाच्या मुदतीतच करावा लागतो. तिकडच्या प्रयोगशाळेशी भागीदारी असेल तर हे तुम्हालाही लागू होईल. भारतातल्या अनुदानासाठीही स्वतःहून मागा. शंभर नमुन्यांच्या प्रकल्पाला मजकूर असा देता येईल:

'माहिती व्यवस्थापन आणि खुली उपलब्धता: नोंदी, गाळणी, जमा करणं आणि कोड यांसाठी १७ माणूस-दिवस, २८,९०० रुपये, दोन प्रतींच्या साठवणीसाठी २२,००० रुपये, एकूण ५०,९०० रुपये. जबाबदारी: प्रकल्प सहायक. मुदत: सिक्वेन्सिंगची माहिती हाती आल्यापासून तीन महिने.'

रकमेइतकीच शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. जबाबदारी आणि मुदत ठरलेली नसेल तर हे काम सगळ्यांचं होतं आणि कोणीच करत नाही. परीक्षकाने ही ओळ कापली तर तिच्यासाठी भांडा. चार-पाच नमुने कमी करायची तयारी ठेवा, पण ही ओळ सोडू नका. खुले ठेवलेले ९५ नमुने पुढे अनेकांच्या कामी येतात. कपाटातल्या डिस्कवरचे १०० एका प्रबंधापुरते उरतात. आणि ज्या माणसांनी आपला वेळ, आपला नमुना आणि आपला विश्वास दिला, त्यांच्या दानाचं पूर्ण चीज व्हावं, यासाठी पन्नास हजार रुपये फार नाहीत.